घरचं खाणं घातलं की सिक्लिडची पोटं फुगतात, औषधाने बरी होतात, परत फुगतात: नेमकं चुकतंय कुठे

सिक्लिड म्हणजे टँकमध्ये पाळतात त्या माशांचा एक गट. दर दोन-तीन आठवड्यांनी तोच प्रकार. एखादा मासा खाणं तोंडात घेतो आणि थुंकतो, परत घेतो, परत थुंकतो, दुसऱ्या दिवशी दगडामागे जाऊन बसतो, मागे पांढरी दोऱ्यासारखी शी लोंबत असते, आणि चौथ्या दिवशी पोट टम्म. औषध टाकलं की एखाद-दुसरा वाचतो, आठवडाभर सगळं छान चालतं, आणि घरचं खाणं परत सुरू केलं की येरे माझ्या मागल्या.

माझ्या टँकमध्ये हे तब्बल चार वेळा झालं म्हणून सविस्तर लिहितोय. चार फुटी टँक, साधारण २४० लिटर पाणी, त्यात सिक्लिडच्या तीन जाती, १४ डेमासोनी, ६ येलो लॅब आणि ५ पीकॉक. सगळे आफ्रिकेतल्या मलावी तलावातले, सगळ्यांना कडक पाणी आणि वरचा पीएच चालतो, म्हणजे कागदावर जोडी एकदम जुळलेली. खाणं मी स्वतः करायचो, कोळंबी जास्त, पांढऱ्या माशाचं थोडं, नावाला पालक आणि लसूण, जिलेटिनमध्ये बांधून फ्रीझरला. पीकॉकचे रंग असे उघडले की बघत राहावं, येलो लॅब ठणठणीत, आणि डेमासोनी मात्र एकेक करून जात होते. मी पाणी तपासलं, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ३० च्या आसपास. मग काय, फिल्टर बदलला, हीटर बदलला, दोनदा औषधाचा पूर्ण कोर्स केला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आता मागे वळून बघितलं तर उत्तर पहिल्याच आठवड्यात समोर होतं. एकाच टँकमध्ये, एकच खाणं खाऊन, तीन जातींपैकी एकच जात मरतेय, तर दोष सरसकट पाण्याचा कसा असेल?

म्हणून पहिलं काम औषध आणायचं नाही, पहिलं काम म्हणजे कोण फुगलंय ते बघणं. एकाच जातीचे मासे फुगतायत आणि बाकीचे मस्त, तर खाण्यावर संशय घ्या. फुगलेल्या माशाचे पर फाटलेत, तो कायम वरच्या कोपऱ्यात किंवा हीटरच्या मागे चिकटलेला असतो, आणि जात कुठलीही असो पण नेहमी सगळ्यात दुबळाच मासा आजारी पडतो, तर दादागिरीवर संशय घ्या. आणि सगळेच्या सगळे वर येऊन कल्ले जोरजोरात हलवतायत, तर खाणं-भांडणं सगळं बाजूला ठेवून आधी पाणी बदला. तिन्ही प्रकारांत शेवटी पोट फुगलेलं दिसू शकतं, म्हणूनच घोळ होतो. या फुगण्याला मलावी ब्लोट म्हणतात खरं, पण त्याचं एकच एक कारण नसतं, आतड्यात एरवी गुमान राहणारे परजीवी असतात आणि मासा ताणात आला, पोट बिघडलं किंवा पाणी घाण झालं की ते डोकं वर काढतात. औषधाने परजीवी कमी होतात, पण ते ज्यामुळे वाढले ते तसंच राहिलं तर तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

माझ्या केसमध्ये काय होतं ते सांगतो. डेमासोनी हा म्बुना, म्हणजे दगडांत राहणाऱ्या मलावी सिक्लिडच्या गटातला मासा, दगडावर उगवणारं शेवाळ आणि त्यात असलेले बारीकसारीक जीव दिवसभर खरवडून खातो. त्याचं आतडं लांबलचक असतं, कारण शेवाळ पचायला वेळ लागतो. पीकॉकचं उलटं, तो वाळूवर स्थिर तरंगत खालच्या किड्यांची हालचाल टिपतो, डोक्यावरच्या बारीक खळग्यांतून त्याला ती कळते, आणि मग झटकन तोंड खुपसतो. म्हणजे एकाला दिवसभर थोडं थोडं गवत आणि दुसऱ्याला मांस, आणि मी दोघांना एकाच ताटात कोळंबी वाढत होतो. येलो लॅब म्बुनाच आहे पण तो तलावातही किडे आणि बारीक गोगलगायी खातो, म्हणून त्याला काही झालं नाही, आणि त्यानेच मला फसवलं, कारण मी म्हणायचो की अरे हा पण म्बुना, हा पण तेच खातोय, मग खाण्यात दोष कसा.

इथे एक गैरसमज. बरेच जण म्हणतात म्बुनाला प्रोटीन घालू नका. असं सरसकट नाहीये, स्पिरुलिना नावाच्या निळ्या-हिरव्या शेवाळात कोरड्या वजनाच्या साधारण ६० टक्के प्रोटीनच असतं आणि ते म्बुनाला उत्तम मानवतं. त्रास होतो तो चोथा नसलेल्या, चरबीवाल्या, भसाभस गिळलेल्या मांसाचा. त्यातही गरम रक्ताच्या प्राण्यांची चरबी सगळ्यात वाईट, कारण ती टँकच्या २५-२६ अंशांना घट्टच राहते, आणि माशाचं अंगही तितकंच गार, मग ती पचणार कशी. डिस्कस हा गरम पाण्यातला सिक्लिड पाळणारे बीफ हार्ट, म्हणजे गाय-बैलाचं काळीज, वर्षानुवर्षं घालत आलेत हे खरं, पण ते चरबी आणि शिरा अगदी खरवडून काढतात, त्यांचं पाणी २८ ते ३० अंश असतं आणि पिल्लं वाढवताना पाणी रोजच्या रोज बदलतात. त्यातलं फक्त बीफ हार्ट उचलून म्बुनाच्या टँकमध्ये टाकलं तर काय होणार.

बरं, मग मी खाणं बदललं. सत्तर टक्के हिरवं केलं, कोळंबी अगदी थोडी. आणि तरीही दोन डेमासोनी गेले! इथे मी खरंच हात टेकले होते, पण हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, नीट वाचा. डेमासोनी आपल्याच जातीशी भयंकर भांडतो, म्हणून तो १२ किंवा जास्तच्या संख्येने ठेवतात, म्हणजे मार सगळ्यांत वाटला जातो आणि कुणा एकावर डूख धरला जात नाही. माझ्याकडे १४ होते तोवर ठीक होतं. खाण्यामुळे ते ७ वर आले, आणि मग एक नर राजा झाला आणि उरलेल्यांना सळो की पळो करून सोडलं. आता जे मरत होते ते खाण्याने नाही तर माराने आणि ताणाने मरत होते, पण लक्षणं तीच, पांढरी शी आणि फुगलेलं पोट. पहिलं कारण संपलं होतं आणि त्याने जन्माला घातलेलं दुसरं कारण चालू होतं. मी औषधाचा तिसरा कोर्स करायला निघालो होतो, त्याऐवजी एक दिवस खुर्ची टाकून टँकपासून सहा-सात फूट लांब अर्धा तास नुसता बसलो. जवळ गेलं की सगळे खाण्याच्या आशेने काचेला येतात आणि भांडण थांबतं, त्यामुळे जवळून काही कळतच नाही. लांबून दिसलं की तो एक नर मधल्या सपाट दगडाखालून बाहेर यायचा, उजव्या कोपऱ्यातल्या लहान माशाला फिल्टरच्या पाइपपर्यंत हाकलायचा आणि परत जायचा, असं अर्ध्या तासात मी १९ वेळा मोजलं. तो लहान मासा खाणं पडलं तरी पाइपमागून हलत नव्हता.

खाणं आणि सोबती हे दोन प्रश्न लोक वेगवेगळे विचारतात, मला ते एकच वाटतात. टँकमध्ये कोण कुणासोबत राहील हे ठरवताना आपण आकार बघतो, स्वभाव बघतो, पाणी बघतो, पण ही सगळी मंडळी एका ताटात जेवू शकतात का हे बघत नाही. घरचं खाणं घालायचं असेल तर तो प्रश्न पहिला यायला पाहिजे, कारण बाजारच्या पेलेटमध्ये, म्हणजे तयार दाण्यांत, निदान सगळं मोजूनमापून असतं, घरच्या वाटणात आपण एका बाजूला झुकतोच.

सध्या मासा आजारी असेल तर काय करायचं

खाणं बंद. सगळ्यांचं, दोन ते तीन दिवस. मोठ्या सिक्लिडला तीन दिवसांच्या उपासाने काही होत नाही. पाणी ३०-४० टक्के बदला, तापमान जुळवून. आजारी मासा वेगळ्या टँकमध्ये घेता आला तर घ्या, तिथे एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट वापरतात, खायचं मीठ नव्हे, ही अदलाबदल बरेच जण करतात. मेट्रोनिडाझोल हे नेहमीचं औषध, माशांसाठीचं मिळतं ते घ्या आणि डोस पाकिटावर असेल तोच, आणि मासा अजून खात असेल तर खाण्यातून दिलेलं जास्त चांगलं कारण रोग आतड्यात आहे. खायचंच थांबला असेल तर मग पाण्यातूनच. म्हणून थुंकायला लागला त्याच दिवशी पकडायला हवं, खवले पाइनच्या बोंडासारखे उभे राहिले की मग वाचायची आशा फार कमी, उगाच औषधं ओतत बसू नका.

आता वाटणाबद्दल

हिरव्या पोटांसाठी, म्हणजे म्बुना, ट्रोफिअस वगैरे, मी असं करतो. मटार उकडून त्यांची सालं काढायची, हे काम कंटाळवाणं आहे पण दोन बोटांत दाबलं की दाणा पटकन सुटतो. त्यात उकडलेला पालक पिळून, थोडा झुकिनी, स्पिरुलिना पावडर आणि एकूण वजनाच्या फार तर पाव भाग कोळंबी. ट्रोफिअस असतील तर ती पण नको. ऑस्कर, पीकॉक, जॅक डेम्पसी अशांसाठी प्रमाण उलटं, कोळंबी आणि पांढरा मासा जास्त, पण मटार त्यातही पाव भाग घालतोच, चोथा सगळ्यांना लागतो.

कोळंबी आणि मासा कच्चा घालू नका, उकळत्या पाण्यात टाकून शिजवून घ्या. काही माशांत आणि कोळंबीत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी१ जीवनसत्त्व तोडतं, आणि रोज कच्चं घातलं तर हळूहळू मासा भेलकांडायला लागतो. शिजवलं की ते मरतं. जिवंत गोल्डफिश खाऊ घालणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं, गोल्डफिशमध्येही ते असतं, वर रोगराई फुकट.

जीवनसत्त्वाचे थेंब घालायचे असतील तर वाटण कोमट झाल्यावर, कढत असताना घातले तर सी जीवनसत्त्व बरंचसं तिथेच उडतं. लसूण एखादी पाकळी ठीक, त्याने न खाणारा मासा तोंड लावतो, पण लसणाने ब्लोट बरा होतो वगैरे माझा विश्वास नाही. मैदा, स्टार्च, ब्रेड घालून घट्टपणा आणू नका, एक तर ते नीट पचत नाही आणि पाण्यात गेल्यावर दुधासारखं पसरतं.

बांधायला जिलेटिन, साखर-चव नसलेलं. माझ्या अंदाजाने अर्धा किलो वाटणाला २० ते २५ ग्रॅम, आधी गार पाण्यात फुगवून मग थोड्या गरम पाण्यात विरघळवून. पहिल्यांदा मी १० ग्रॅममध्ये भागवलं होतं, ते टँकमध्ये पडल्या पडल्या ढगासारखं सुटलं, अर्धं माशांच्या कल्ल्यांतून बाहेर, उरलेलं फिल्टरच्या स्पंजमध्ये, तो स्पंज पिळल्यावर करडा-हिरवा लगदा निघाला आणि असा वास की खिडक्या उघडाव्या लागल्या. डिस्कसच्या टँकला जिलेटिन थोडं मऊच पडतं, कारण ते साधारण ३५ अंशांच्या आसपास विरघळतं आणि ३० ला आधीच ढिलं झालेलं असतं, तिथे अगर-अगर (समुद्री शेवाळापासून केलेली जेलीची पावडर) वापरा, तो एकदा बसला की ८५ अंशांपर्यंत हलत नाही. फक्त अगर कढत असतानाच वाटणात भराभर फिरवावा लागतो, ४० च्या खाली आला की हातातच जमतो.

झिप बॅगेत भरून हाताने सपाट थापायचं, तीन-चार मिलिमीटर जाड, आणि फ्रीझरला जायच्या आधी सुरीच्या पाठीने चौकोन आखून ठेवायचे. मग हवा तेवढा चौकोन कट्कन मोडतो, सगळी पिशवी वितळवावी लागत नाही. एकदा वितळलेलं परत गोठवू नका. दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच करा, बॅच मोठी केली की मग संपवण्यासाठी जास्त घातलं जातं, माझं तरी तसंच व्हायचं.

किती घालायचं? म्बुनाला अर्ध्या ते एका मिनिटात संपेल तेवढं, आणि आठवड्यातून एक दिवस उपास. घरचं खाणं आठवड्यातून तीन-चार वेळा पुरे, बाकीचे दिवस चांगलं पेलेट किंवा स्पिरुलिना फ्लेक.

उरलेलं खाणं दहा मिनिटांत सायफनने काढा, आणि हे आफ्रिकन टँकवाल्यांनी जास्त मनावर घ्या. कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया येतो, त्यातला खरा विषारी भाग किती हे पीएचवर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तोच पीएच ८.५ ला साधारण १५ टक्के होतो. म्हणजे तेवढाच उरलेला कोळंबीचा तुकडा डिस्कसच्या मऊ, कमी पीएचच्या पाण्यात खपून जाईल आणि मलावी-टँगानिका या आफ्रिकन तलावांच्या पाण्यात कल्ले जाळेल. सकाळी टँकवर तेलकट तवंग दिसला, तर समजा वाटणात चरबी राहिलीय.

सोबती कोण, कुणाबरोबर

पोटं जुळणारे गट सांगतो, हे काही वेदवाक्य नाही. म्बुना म्बुनांत, त्यातही ऑराटस टाळा, पिल्लू असताना पिवळा-काळा पट्ट्यांचा फार गोड दिसतो आणि मोठा झाला की टँकचा गुंड होतो. पीकॉक आणि येलो लॅब एकत्र चालतात, दोघांचं खाणं जवळचं आणि येलो लॅब त्यातल्या त्यात शांत. एक नर आणि तीन-चार माद्या असं ठेवा, आणि एकसारख्या रंगाचे दोन जातीचे नर नकोत, रंग सारखा दिसला की तो आपल्याच जातीचा प्रतिस्पर्धी वाटतो. ट्रोफिअसला शक्यतो त्यांचाच टँक. फ्रंटोसा दिवसा साधूसारखा हिंडतो आणि रात्री झोपलेले लहान मासे गिळतो, त्याला छोटे सोबती देऊ नका. खाली तळाशी सिनोडॉन्टिस हे कॅटफिश गटातले मासे आफ्रिकन पाण्यात छान राहतात, पडलेलं उचलतात.

ऑस्करबरोबर सिल्व्हर डॉलर ही जुनी जोडी, आणि इथे माझाच नियम मोडतो, कारण सिल्व्हर डॉलर पक्का शाकाहारी. पण तो थोडं मांस पचवून नेतो, ऑस्करलाही हिरवं थोडं लागतंच, आणि दोघेही तोंडात न मावण्याइतके मोठे. ताणायला दोन्ही बाजूंनी जागा आहे म्हणून जमतं. ज्याची एकच टोकाची सवय आहे, जसा ट्रोफिअस, त्याच्या बाबतीत ही सूट नाही. कॉरिडोरास मात्र ऑस्करबरोबर कधीच नको, त्याचे काटे ऑस्करच्या घशात अडकतात आणि दोघेही जातात. एंजल आणि निऑन टेट्रा हा पण असाच, लहानपणी मित्र, मोठेपणी जेवण. रॅमबरोबर टेट्रा, कॉरिडोरास ठीक. कॉन्व्हिक्टची जोडी लागली तर बाकीच्यांना दुसरीकडे हलवायची तयारी ठेवा, अंडी घातली की ती एवढीशी जोडी अर्धा टँक बळकावते. मलावी आणि ऑस्कर एकत्र ठेवून दोघेही जगतायत असे टँक मी बघितलेत, पण पाणी कुणाचं आणि ताट कुणाचं हे त्यात कधीच नीट ठरत नाही.

दादागिरी चालू असेल तर मार खाणाऱ्याला काढू नका, मारणाऱ्याला काढा. मार खाणारा काढला की दुसऱ्या दिवशी नवीन गिऱ्हाईक ठरतं. मी त्या नराला भोकं असलेल्या डब्यात त्याच टँकमध्ये पाच दिवस ठेवलं, तेवढ्यात सगळे दगड उचलून जागा बदलल्या, मधला सपाट दगड तर काढूनच टाकला, ७ नवीन डेमासोनी क्वारंटाइन करून एकदम सोडले, आणि त्याला सगळ्यात शेवटी, लाइट बंद करून, सगळ्यांना खायला घालून झाल्यावर बाहेर काढलं. त्याची जागाच राहिली नव्हती, चार दिवस तोच गोंधळून फिरत होता. खाणंही आता मी दोन्ही टोकांना टाकतो, आधी डावीकडे थोडं, राजा तिकडे गेला की उजवीकडे, म्हणजे पाइपमागच्यालाही घास मिळतो. पीकॉक मी वेगळ्या टँकला हलवले, त्याला पर्याय नव्हता, दोन वाटणं एका टँकमध्ये वेगळी घालून बघितली पण डेमासोनी कोळंबीच्या वासाला असा धावतो की थांबवणार कसं.

उपासानंतर परत सुरू करताना पहिल्या दिवशी फक्त सोललेला मटार, नखाएवढे तुकडे करून. आजारातून उठलेला मासा तो गिळतो की चावून थुंकतो ते बघा, थुंकला तर अजून एक दिवस काही घालू नका, आणि गिळला तर दुसऱ्या दिवशी त्याची शी बघा, हिरवी आणि तुटून पडणारी असेल तर मग वाटणाचा पहिला चौकोन मोडायला हरकत नाही.